उसना आवाज

वामनमामा कुणाच्याही घरातून निघताना पाठ फिरवत नसत. "बरं, येतो मी," म्हणत ते दाराकडे उलटे चालत जायचे आणि पावलागणिक त्यांचा आवाज बारीक होत जायचा. उंबऱ्याशी पोचेपर्यंत माणूस समोर दिसत असायचा, पण आवाजानं दोन गल्ल्या लांब गेलेला असायचा. हिंगोलीत आमच्या गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करत तशीच उलटी चालायची आणि नालीत पडायची. मामा रागवत नसत. "रेडिओवर माणूस जातो तो असा," ते सांगत. "माइककडं तोंड ठेवून मागं सरायचं. पाठ फिरवली की आवाज मरतो. मरायचं न्हाई. जायचं."

ते आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. कुणाचेच सख्खे मामा नव्हते. हिंगोलीत त्यांची एक बहीण होती, तिच्या पोरांनी पाडलेलं नाव सगळ्या गल्लीनं उचललं. ती बहीण वारली, पोरं नांदेडला गेली, मामा राहिले. ऐंशीला टेकलेले, उंचीनं माझ्याएवढे, तोंडभर देवीचे व्रण. त्या चेहऱ्यातून तो आवाज यायचा तेव्हा नवा माणूस हमखास मागं वळून बघायचा, दुसरं कोण बोललं म्हणून.

त्यांची वर्तमानपत्र वाचायची एक तऱ्हा होती. वाचून झालेलं पान ते उलटत नसत, हातातून हळूच खाली सोडून देत. पानं खुर्चीभोवती पडत जायची. माझी आई ती गोळा करताना पुटपुटायची, "या माणसानं बायको केली असती तर तिनं पहिल्याच दिवशी माहेर गाठलं असतं." मामा म्हणायचे, "वहिनी, नाटक वाचताना कागद वाजला की राजाच्या दरबारात वाण्याची पुडी सुटते. सवय लागली. आता जात न्हाई."

मी इंग्रजी शाळेत जायचे. घरात मराठी बोलायचे, पण बाहेर कुणी काही विचारलं की वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचे. मामांनी एकदा मला थांबवून सांगितलं, "तू वाक्याचा शेवट गिळतेस. क्रियापद म्हणजे शेपूट. शेपटाशिवाय मांजर बरं दिसतं का?" त्यांच्या आजूबाजूला मी पुष्कळ असायचे, पण ऐकत.

त्यांची कारकीर्द आम्ही तुकड्यातुकड्यानं ऐकली. पंधरा वर्षांचेही नव्हते तेव्हा एका नाटक कंपनीच्या मागं घरातून पळाले. हैदराबाद, मग पुणे, मग मुंबई. मूकपटांचे शेवटचे दिवस होते. त्यांना गर्दीत उभं करत, नाहीतर मारत. पहारेकरी मेला, भालदार मेला, तटावरून एक जण खाली पडला, तो हाच. मग बोलपट आले आणि देखण्या नायकांची पंचाईत झाली. एकाची जीभ जड होती. कॅमेरा नायकाच्या पाठीवर असला की मामा झुडपामागं बसून त्याची वाक्यं म्हणत. "बाई रडायची ती माझ्या बोलण्यावर," मामा सांगत, "अन् बिलगायची त्याला." नाव कुठल्याच चित्रपटात आलं नाही. पुढं हैदराबादेत रेडिओवर गेले, आणि तिथं मात्र चेहरा लागत नसल्यामुळे ते राजे झाले, बाप झाले, एका नाटकात तर दोन भाऊ एकदमच झाले आणि स्वतःशीच भांडले.

या सगळ्याची सर्वांत जास्त मजा घ्यायचा तो दत्ता. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. ट्रक चालवायचा, पंधरा दिवस रस्त्यावर, चार दिवस घरी. तंबाखूनं आणि जागरणानं त्याचा आवाज इतका खरखरीत झाला होता की तिशीच्या आत असून म्हाताऱ्यासारखा वाटायचा. सकाळी दात घासत तो भिंतीवरून ओरडायचा, "काय मामा, आज मेलात का जित्ते हाव?"

"आज दुपारच्या खेळाला मरायचं हाय," मामा इकडून म्हणायचे.

एकदा मामांनी त्याची चांगली जिरवली. भिंतीआड उभं राहून दत्ताच्या आवाजात हाक मारली, "शोभे, पाणी आन." त्याची बायको शोभा तांब्या घेऊन अंगणात आली, तर दत्ता तिच्या मागं घरातच बसलेला. ती तांब्या हातात घेऊन दोन्हीकडं बघत राहिली आणि मग हसू आवरेना म्हणून खाली बसली. दत्ताची आई, गयामाय, ओसरीवरून विचारत राहिली, "काहून हसून राहिले रे? मला बी सांगा की." काचबिंदूनं तिचे डोळे गेले होते. हसण्याचं कारण तिला नेहमी उशिरा कळायचं.

दत्ता परराज्यातल्या एका घाटात गेला. ट्रक दरीत. त्याच आठवड्यात गयामाय नांदेडच्या दवाखान्यात होती, हृदयाचा झटका येऊन. थोरला मुलगा माणिक एकटाच दोन्हीकडं धावत होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, म्हातारीला इतक्यात काही कळू देऊ नका. तिला न कळवता त्यांच्या गावी, कुरुंद्याच्या शेतात, दत्ताला अग्नी दिला, दहावं तेरावं उरकलं. ती घरी आली तेव्हा तिच्या लेखी दत्ता नेहमीसारखा गाडीवर होता. आठ-दहा दिवसांनी तिनं विचारायला सुरुवात केली, "फोन न्हाई आला त्याचा?"

फोन आमच्याकडं यायचा. बाबांचा एसटीडी बूथ होता, घराच्या पुढच्या खोलीत, काचेची केबिन असलेला, आणि तो नंबर गल्लीतल्या निम्म्या घरांनी आपापल्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता. फोन आला की ज्याचा त्याला बोलावून आणायचं, हे माझं काम. मला ओरडता यायचं नाही, म्हणून मी चालत जायचे.

माणिकदादा बाबांकडं आला. मामा तिथंच बसले होते.

"मामा, तुमी त्याच्यासारखं बोलता," माणिकदादा म्हणाला. त्यानं केबिनमधल्या फोनकडं बोट केलं.

बाबा म्हणाले, "माणिक, हे बराबर न्हाई."

"मला कळतंय भाऊ. महिनाभर. ती जरा सावरू द्या. मंग मीच सांगतो."

संध्याकाळी मामा भिंतीपाशी गेले आणि माणिकला म्हणाले, "इथून न्हाई बोलायचं. रविवारी मी कनेरगाव नाक्याला जातो. तिथं ढाब्यावर फोन हाय, मागं गाड्या उभ्या असतात. हॉर्न, इंजिन, पोरांची आरडाओरड, सगळं खरं पाहिजे." मग म्हणाले, "अन् म्हातारीमुळं सूनबाईच्या बांगड्या फोडायच्या राहिल्यात, त्या तशाच राहू द्या. म्हातारीला दिसत न्हाई. ती कानानं बघते. बांगड्या थांबल्या की तिला कळलं."

घरात आलेल्या नातेवाईक बाया यावर खवळल्या. पण माणिकनं आईसाठी म्हणून ऐकून घेतलं. त्या दिवसापासून शोभाचं कपाळ रिकामं आणि हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. नळावर तिला ऐकून घ्यावं लागायचं. "कपाळ कोरं, अन् हातात चुडा," एक म्हणायची. "घरात बी अशीच वाजत हिंडते का गं?" दुसरी. शोभा घागर भरून निघून यायची. तिला मोठ्यानं रडायचीही सोय नव्हती. पलीकडं म्हातारी बसलेली असायची.

पहिल्या रविवारी गयामाय माझ्या खांद्यावर हात ठेवून बूथमध्ये आली. शोभा मागं. त्या जुन्या फोनमधलं बोलणं शेजारी उभ्या माणसालाही ऐकू यायचं.

"माय, दत्ता बोलून राहिलो."

भिंतीवरून यायचा तोच आवाज. बाबांनी मान खाली घातली.

"कुठं हाइस रे लेकरा? किती दिस झाले!"

"इंदूरच्या अल्याड. गाडी बंद पडली व्हती. तू कशी हाइस? गोळ्या खाऊन राहिली ना?"

"आवाज काहून बसला तुझा?"

"धूळ लई हाय इकडं."

गयामाय हसली. केबिनमध्ये ती बराच वेळ बोलत होती. शेजारणीची म्हैस, पायाची कळ, माणिकनं आणलेली कडू औषधं. मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना तिनं रिसिव्हर बाजूला धरला. "घे गं. बोल त्याच्यासंगं. माह्यासमोर लाजू नको."

शोभानं तो घेतला. पलीकडून एका ट्रकचा हॉर्न ऐकू आला. मग दत्ताचा आवाज म्हणाला, "जेवलीस का?"

"व्हय," ती म्हणाली. मग रिसिव्हर कानाला तसाच धरून उभी राहिली, तिकडून फोन ठेवला गेल्यावरही.

त्या संध्याकाळी मामा बसनं परतले आणि बाबांजवळ येऊन बसले. "पुढचं पान कोरं होतं, सुधाकर," ते म्हणाले. "ती फोन घेईल असं मी धरलंच नव्हतं. गप बसायचं होतं. बोललो." आईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

महिना झाला. माणिकदादा म्हणाला, अजून जरा. दुसरा झाला. गयामायला भूक लागू लागली होती, ती पुन्हा ओसरीवर बसून डाळ निवडू लागली होती, आणि हे बिघडवायचा धीर कुणालाच होईना. आम्हालाही नाही. आम्ही गल्लीभर खालच्या आवाजात बोलायला शिकलो. कुणी दत्ताचं नाव चुकून भूतकाळात घेतलं की दुसरं कुणीतरी खोकायचं. मीही दर रविवारी जाऊन सांगायचे, "गयामाय, दत्तादादाचा फोन." तेवढं वाक्य मला पूर्ण म्हणता येऊ लागलं होतं.

आणि शोभा वेळेच्या आधी येऊन बसू लागली. आधी नुसती. मग वेणी घालून. गयामायचं बोलणं चालू असताना ती तिच्या हाताकडं बघत राहायची, रिसिव्हर कधी सुटतो म्हणून. तो हातात आला की आमच्याकडं पाठ करून, काचेला कपाळ लावून ती हळूहळू काहीतरी सांगायची. पलीकडून फक्त "हं" यायचं. "हं. हं."

"काय सांगते ती?" बाबांनी एकदा विचारलं.

"ते मी तुला सांगू नये, अन् मी ऐकू बी नये," मामा म्हणाले. "मी ऐकतो." रविवार जवळ आला की त्यांचा घसा बसायचा. ज्येष्ठमधाची काडी चघळत ते अंगणात येरझाऱ्या घालायचे. माझी आई म्हणाली, नका जाऊ एखाद्या रविवारी. ते गेले नाहीत त्या रविवारी शोभा दिवे लागेपर्यंत आमच्या बाकड्यावर बसून होती.

दत्ताला जाऊन वर्ष होत आलं, हळदीचा हंगाम संपत आला, तेव्हा शोभाचे वडील डोंगरकडा या गावाहून आले. साधा, रापलेला माणूस, मेंढरं राखणारा. आमच्या ओट्यावर माणिकदादाशी बोलणं चाललं होतं, कारण घरात म्हातारी होती.

"आमच्यात पाट लागतो," ते म्हणाले. "मानूस चांगला हाय. बायको बाळंतपणात गेली. पोरगी कवळी हाय, माणिकराव. तिला किती दिस ठिवता?"

माणिक म्हणाला, "माझी ना न्हाई. तिला इचारा."

शोभा दाराशी होती. ती वडिलांकडं न बघता म्हणाली, "मला न्हाई येता येत. रविवारी फोन असतो माझा."

वडिलांना आधी कळलंच नाही. माणिकनं खाली मान घालून त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते उठले. "तुमी माह्या पोरीचं काय करून ठेवलं हो?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मामा आत खुर्चीत बसले होते. बाहेर आले नाहीत.

पुढच्या रविवारी फोन वेळेवर आला. गयामाय बोलली, नेहमीसारखी, दत्ताशी. मग शोभानं रिसिव्हर घेतला, आणि पलीकडून आमच्या मागच्या खोलीतला आवाज आला. म्हातारा, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा.

"शोभा, मी वामनमामा बोलतोय. दत्ता नाही, पोरी. दत्ता गेला. मी यापुढं फोन करणार नाही. तू बापाबरोबर जा."

"ठावं हाय मला," शोभा म्हणाली. "मला काय ठावं न्हाई का, मामा? तरी बोला ना. त्याच्यासारखं बोला."

फोन ठेवल्याचा आवाज झाला.

ती केबिनमध्येच खाली बसली आणि रडली. वर्षभर साठलेलं ते रडणं काचेच्या खोलीत मावेना. बाबा धावले. बाकड्यावर बसलेल्या गयामायनं मान वर केली. तसल्या रडण्याचा अर्थ बाईला सांगावा लागत नाही.

"कोण गेलं?" तिनं विचारलं.

मी तिच्या सर्वांत जवळ उभी होते.

"माणिक का दत्ता?"

बाबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तिला सांगितलं. घाट, ट्रक, कुरुंदा. ती हलली नाही. ज्या हृदयासाठी हे सगळं केलं होतं ते चालत राहिलं. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"मंग इतके दिस माह्यासंगं कोण बोलत व्हतं?"

गयामाय त्यानंतर कित्येक वर्षं जगली. कुरुंद्याच्या शेतात जाऊन तिनं ती जागा हातानं चाचपली, घरी येऊन वर्षभर उशिराचं सुतक धरलं. शोभा वडिलांबरोबर गेली. जाताना तिनं बांगड्या फोडू दिल्या नाहीत. एकेक करून स्वतः उतरवल्या आणि सासूच्या हातात दिल्या. पावसाळ्याआधी तिचा पाट लागला. माणिकदादाशी गयामाय बोलायची, आमच्याशीही बोलायची. फक्त मामांना घराची बंदी होती. ते पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं पावलं ओळखली. "त्याला म्हनावं, पायरी चढू नको," ती म्हणाली. "माह्या लेकराच्या तोंडानं जेवला तो."

मामा खालीच उभे राहिले आणि परत आले. नंतर त्यांनी कुणाची नक्कल केली नाही. पोरांनी गळ घातली तरी नाही. एकदाच, बाबा हिशोब आवरत असताना, ते आपणहून बोलले.

"सुधाकर, तुला वाटतं मी म्हातारीसाठी गेलो?"

बाबांनी वही मिटली.

"बसमध्ये बसलो की मला बरं वाटायचं. त्या पहिल्या रविवारी ढाब्याच्या पोरानं विचारलं, आजोबा, एवढे खुशीत कुठं? साठ वर्षं कुणी मला नायकाचं काम दिलं नव्हतं."

मी पुढं औरंगाबादला कॉलेजला गेले. बूथ ओस पडत चालला होता. लोकांच्या खिशात मोबाइल आले होते. एका सुट्टीत घरी आले तेव्हा गयामाय अंथरुणाला खिळलेली होती. आणि तिनं मामांना बोलावलं होतं.

मी मामांना धरून घेऊन गेले. त्यांना आता एकट्यानं चालवत नव्हतं. पायरीपाशी ते थांबले. आतून ती म्हणाली, "ये वर."

ते तिच्या खाटेजवळ बसले. ती छताकडं तोंड करून पडली होती.

"तू हाइस हे मला ठावं हाय," ती म्हणाली. "माह्या दत्ताला मी जाळलं न्हाई, पर तो न्हाई हे बी मला ठावं हाय. आता कुणी कुणाला फसवून न्हाई राहिलं. एकडाव त्याच्यासारखं बोल."

मामांचे ओठ हलले. मग त्यांनी हात जोडले. तिला ते दिसणार नव्हते. "नको गयाबाई," ते म्हणाले. "मी पोरीला नाही म्हटलं होतं. तुम्हाला कुठल्या तोंडानं हो म्हणू? येतही न्हाई आता."

गयामायनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी त्यांना धरून घरी आणलं. खोलीच्या दारात मला म्हणाले, "येतं. अजून येतं." आणि दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, ते आमच्या ओट्यावर चपला घालून उभे होते. "चल," म्हणाले. तोवर गयामायची शुद्ध गेली होती. शोभा आली होती, कडेवर तीन-एक वर्षांची पोर, आणि ती खाटेच्या पायथ्याशी बसली होती. माणिकदादा म्हणाला, "मामा, आता काय कळत न्हाई तिला. सकाळपासून हाका मारून राहिलो."

मामांनी त्याला बाजूला केलं. खाटेवर वाकले. एक हात स्वतःच्या कानामागं धरला, डोळे मिटले, आणि बोलायला लागले.

खोलीत दत्ता आला. खरखरीत, दमलेला, हसऱ्या तोंडाचा. नाक्यावर चहा कसा पाण्यासारखा मिळतो ते सांगत होता. क्लीनर कसा झोपतो ते सांगत होता. माणिकदादा भिंतीला टेकून खाली बसला. शोभानं पोरीला छातीशी घट्ट धरलं, उठली आणि माझ्या अंगावरून अंगणात निघून गेली. मी तिच्याकडं बघू शकले नाही. मी दारातच राहिले.

गयामायचा श्वास तसाच चालू होता, मध्येच अडकत. चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मामा थांबले नाहीत.

"मामा," माणिकदादा म्हणाला, "बास आता. तिला न्हाई ऐकू येत."

मामा तिच्या कानाशी आणखी वाकले.

"माय," दत्ताचा आवाज म्हणाला, "रस्ता लई खराब हाय, म्हनून उशीर झाला. गाडी खाली झाली की निघतोच."